मायलोमा: ट्रान्सप्लान्टचं आप्पांनी ठरवायचं की आम्ही?

वडगावची_लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझ्या वडिलांना (आप्पा, वय ६२) मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेत होणारा रक्ताचा कॅन्सर आहे. आधी वर्षभर कंबरदुखी होती, ती मणक्याची म्हणून औषधं चालली. मग हिमोग्लोबिन खाली आलं आणि एका डॉक्टरांनी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं बघायची तपासणी) करायला लावलं, तेव्हा कळलं. आता बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, लेनालिडोमाइडच्या गोळ्या आणि डेक्सा (स्टिरॉइड) असं चालू आहे. चार सायकल, म्हणजे औषधांच्या चार फेऱ्या झाल्या, रिपोर्ट चांगले आहेत. डॉक्टर म्हणाले, आता ऑटोलोगस (स्वतःच्याच मूळपेशींचं) ट्रान्सप्लान्ट करता येईल, घरी विचार करून सांगा.

हे ते माझ्या भावाला म्हणाले, इंग्रजीत. आप्पा शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

भाऊ पुण्यात असतो. तो, काका आणि माझे मिस्टर असे तिघे फोनवर ठरवतायत. बेळगावच्या वडगावात आमचे दोन यंत्रमाग आहेत, त्यातला एक विकायचा असंही बोलणं झालंय. आप्पांना आजाराचं नाव सांगितलेलं नाही. ‘रक्तात दोष आहे’ एवढंच. पण माणूस चार महिने डे-केअरमध्ये सलाइन लावलेल्या लोकांच्या ओळीत बसतोय, त्याला काहीच कळत नसेल का? परवा मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "माझं काय ठरलं गे?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. प्रश्न दोन आहेत. एक, ट्रान्सप्लान्ट करावं का, अनुभव सांगा. दुसरा, हे त्यांना विचारून करावं का, आणि विचारायचं तर कसं? भाऊ म्हणतो, त्यांना यातलं काय कळणार, उगाच धसका घेतील.

---

चिवट_निपाणीकर

ताई, मी स्वतः पेशंट आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हाही रक्ताचाच कॅन्सर. रोज इमॅटिनिबची गोळी. माझा आजार वेगळा, आप्पांचा वेगळा, त्यामुळे ट्रान्सप्लान्टवर बोलत नाही. दुसऱ्या प्रश्नावर बोलतो.

माझं निदान झालं तेव्हा आमच्या घरीही हीच कुजबुज होती. मी आत आलो की सगळे गप्प. त्या गप्प बसण्याचीच भीती जास्त वाटायची हो. मला वाटलं, आपलं आता दोन-तीन महिन्यांचं काम. खरं म्हणजे या गोळीने सीएमएलचं चित्र पार पालटलंय. २००१ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. पुढे मूळ कंपनीचा पेटंटचा दावा सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये फेटाळला, म्हणून आज आपल्याला जेनेरिक गोळी परवडते. हे मला घरच्यांनी नाही, ओपीडीच्या रांगेतल्या एका ड्रायव्हरने सांगितलं.

आता मी काय ठरवतो ते सांगतो. काही वर्षं बीसीआर-एबीएलचा (रक्तात आजार किती उरला ते मोजणारा) रिपोर्ट अगदी खोल खाली राहिला तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून बघता येते. साधारण निम्म्या लोकांत आजार परत डोकं काढतो, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा चालू केली की जवळजवळ सगळ्यांचा परत ताब्यात येतो. डॉक्टरांनी मला हा पर्याय समजावला. मी म्हटलं, सर, सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर, म्हणजे हीच तपासणी करायची, ते सॅम्पल बाहेर पाठवायचं, रिपोर्टची वाट बघायची. माझं किराणा दुकान आहे, तंबाखूच्या हंगामात मला श्वास घ्यायला फुरसत नसते, एखादी तपासणी नक्की चुकणार. ते म्हणाले, मग गोळी चालू ठेवा. झालं. आता माझं दुकान आणि माझी सवय डॉक्टरांना कुठून माहीत असणार? ती मीच सांगायला हवी.

(परस्पर गोळ्या बंद करणारे महाभाग पण आहेत. ते वेगळं आणि हे वेगळं.)

---

कडोलीचा_म्हातारा

मी जरा उलट बोलणार आहे, राग मानू नका.

माझ्या मेहुण्याला नाव सांगितलं. धडधाकट माणूस, रताळ्याचं पोतं पाठीवर घेऊन चालणारा. त्या दिवसापासून जेवण सुटलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. औषधाने गेला की धास्तीने, देव जाणे. आमच्याकडे घरातला कर्ता पुढे होऊन ओझं घेतो, आजारी माणसाने फक्त बरं व्हायचं. ही काय वाईट रीत आहे? तुम्ही शिकलेली मंडळी हक्क-हक्क करता, पण सही करताना पेशंटचा हात थरथरतो तेव्हा तो धरायला घरचेच लागतात. मुलगा ठरवतोय, तो काही परका नाही.

---

गणपत_गल्ली

काकांशी सहमत. बाकी ताई, पैशाचं बघितलं का? कार्ड आहे का? महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली होती ना, तिचं पुढे काय झालं? आपलं नेहमीचंच, दोन्ही सरकारांच्या मध्ये

---

संपादक

सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत, तिथे जोरात चालू द्या. इथे उपचारांपुरतंच.

---

डे_केअर_सिस्टर

मी मूळची शहापूरची, सध्या बाहेरगावी कॅन्सर डे-केअरमध्ये नर्स आहे. नाव-गाव विचारू नका.

कडोलीच्या काकांचा अनुभव खोटा नाही. नाव ऐकून खचणारे लोक मी रोज बघते. पण न सांगितल्याने काय होतं तेही बघते. मायलोमाचंच घ्या. या आजारात किडनीला मुळातच धोका असतो, म्हणून डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळायच्या असतात. ज्याला ‘मणक्याचा त्रास आहे’ एवढंच सांगून ठेवलंय तो माणूस काय करतो? कंबर दुखली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पट्टी आणून दोन गोळ्या टाकतो. घरच्यांना पत्ता नसतो. पुढच्या वेळी क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते दाखवणारा आकडा) वाढलेलं दिसतं आणि सगळे विचारतात, असं कसं झालं! ताप आला तर त्याच दिवशी यायचं असतं, पायाला सूज आली तर सांगायचं असतं, कारण लेनालिडोमाइडने रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो. हे पेशंटच्याच अंगात घडतं. ज्याला कारण माहीत नाही तो ‘होईल बरं’ म्हणून अंगावर काढतो.

आता कसं सांगायचं. एकदम नाव घेऊन धाडकन नाही. आधी त्यांनाच विचारा: "आप्पा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं?" नव्वद टक्के... जाऊ दे, आकडा नको, पण पुष्कळ लोक स्वतःच सांगून मोकळे होतात, आणि घरच्यांचेच चेहरे पडतात. मग विचारा: सगळं ऐकायचंय, की मोठं मोठं तेवढं? तुमच्या वतीने कोणी बोलावं? काही पेशंट साफ म्हणतात, मला नको सांगू, पोरगा बघेल. चालेल ना. पण तसं त्यांनी सांगितलेलं असावं, आपण त्यांच्या वतीने धरून चालू नये.

अजून एक, हे कुठे लिहिलेलं सापडणार नाही. डेक्साच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी असलं काही बोलायला बसू नका. स्टिरॉइडने झोप उडते, माणूस चिडका होतो, नाहीतर उगाच शूर. डेक्सा उतरल्यावर एक दिवस निवांत बघा.

---

वडगावची_लेक

सिस्टर, खूप आभार. तुमचं वाचून काल आप्पांजवळ बसले.

ते म्हणाले, "कॅन्सर हाय, ते ठाव हाय मला. पलीकडच्या खुर्चीवरच्या बाईने सांगितलं दुसऱ्याच वेळी." मला रडू आलं, ते मात्र शांत होते. मग त्यांनी मला भलतंच सांगितलं. डावा आणि उजवा अंगठा, शेजारची दोन-दोन बोटं, दोन महिन्यांपासून बधिर आहेत. तळव्यांना मुंग्या येतात. मागावर सूत तुटलं की ते दोन बोटांत धरून जोडायचं असतं. ते बारीक सूत आता बोटांना लागतच नाही. डोळ्यांनी बघून पकडायला जातात, तोवर कापडात तूट राहते. दोनदा माल परत आला म्हणे. हे आईलाही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, डॉक्टरांना का नाही सांगितलं? "त्यांनी मला कुठे विचारलं? ते दादाशी बोलतात."

मला कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय की हे इंजेक्शनने होतं. कोणी सांगेल का?

---

हिमॅट_रेसिडेंट

ताई, ही बोर्टेझोमिबची न्यूरोपॅथी, म्हणजे नसांना झालेली इजा असण्याची शक्यता बरीच आहे. हे पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत ठेवू नका, उद्याच फोन करून युनिटला कळवा. वेळेत सांगितलं तर डोस कमी करता येतो, आठवड्यातून दोनदा असेल तर एकदा करता येतं, शिरेतून देत असतील तर पोटाच्या कातडीखाली देता येतं, गरज पडली तर औषधच बदलता येतं. उशीर झाला तर बधिरपणा कायमचाही राहू शकतो. स्वतःहून मात्र काही थांबवू नका. आणि हा त्रास रक्ताच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. पेशंट बोलला तरच आम्हाला कळतो.

आता ट्रान्सप्लान्ट. सोप्या भाषेत: स्वतःच्याच मूळपेशी इंजेक्शनं देऊन रक्तात आणायच्या, मशीनने गोळा करून गोठवायच्या, मेल्फॅलान या किमोच्या औषधाचा मोठा डोस द्यायचा आणि पेशी परत सोडायच्या. साधारण दोन-तीन आठवडे वॉर्डात. केस जातात, तोंड येतं, जुलाब होतात, जंतुसंसर्गाचा धोका असतो. पूर्वीसारखी ताकद यायला काही महिने जातात. लसी पुन्हा घ्याव्या लागतात. मायलोमा मुळापासून जात नाही, तो जास्त काळ दबून राहतो.

किती जास्त? अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, ७२२ पेशंट, सगळे ६५ पर्यंतचे. आप्पांना चालू आहेत तीच तीन औषधं. एका गटाला लगेच ट्रान्सप्लान्ट, दुसऱ्याला नाही, आणि दोन्ही गटांना नंतर लेनालिडोमाइड चालूच. ट्रान्सप्लान्टवाल्यांचा आजार मध्यकाने (म्हणजे निम्म्या लोकांत निदान एवढा काळ) ६७ महिने ताब्यात राहिला, दुसऱ्यांचा ४६. म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षांचा फरक. पण एकूण किती जगले यात तोवर फरक दिसला नाही. म्हणून हा निर्णय एका बाजूला झुकलेला नाही. ‘जास्त काळ आजाराविना’ याला मोल द्यायचं की ‘आता ते कठीण महिना-दोन महिने नकोत’ याला, हे पेशंटच्या आयुष्यावर ठरतं.

एक खुंटी मारून ठेवतो. त्या अभ्यासातल्या लोकांना आजार उलटल्यावर पुढची महागडी औषधं मिळाली. आपल्याकडे डाराटुमुमॅबसारखं औषध सगळ्यांना परवडत नाही. म्हणून इथले बरेच डॉक्टर म्हणतात की पहिल्या खेपेलाच जेवढं दाबता येईल तेवढं दाबा. त्यात तथ्य आहे. मला स्वतःला विचाराल तर किडनी आणि हृदय ठीक असेल तर मी ट्रान्सप्लान्टच्या बाजूने झुकेन. पण माझी बोटं मागावर नाहीत.

डॉक्टरांना विचारताना "सर, तुम्हीच सांगा काय करू" असं विचारलंत तर ते ट्रान्सप्लान्ट म्हणतील, विषय संपला. त्याऐवजी आप्पांना पुढे बसवा आणि आप्पांनाच बोलू द्या. ओपीडीच्या गर्दीत पाच मिनिटंही मिळत नाहीत, ही आमचीही अडचण आहे. किमोच्या दिवशी नको, फक्त बोलण्यासाठी वेगळी वेळ मागा. बहुतेक युनिट देतात. आणि सायटोजेनेटिक्सचा (आजाराच्या पेशींतले जनुकीय बदल बघणारा) रिपोर्ट, म्हणजे फिश, सोबत ठेवा. आजार जास्त जोखमीचा निघाला तर वरचं सगळं गणित बदलतं.

---

वकील_टिळकवाडी

कडोलीच्या काकांसाठी कायद्याची बाजू थोडक्यात. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाची संमती त्याचीच लागते. मुलाची, नवऱ्याची चालत नाही. सुप्रीम कोर्टाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली हे स्पष्ट केलं. त्यात पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर होती आणि डॉक्टरांनी बाहेर आईची संमती घेतली होती. कोर्टाने ती ग्राह्य धरली नाही. शिवाय उपचार काय, पर्याय काय, धोके काय, न केल्यास काय, हे पेशंटला समजेल असं सांगणं संमतीत येतं. इंग्रजी किंवा कन्नड फॉर्मवर नुसता अंगठा म्हणजे संमती नव्हे. मराठीत समजावून सांगणारा माणूस मागायला लाजू नका.

कागदपत्रं: पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे.

पैशाचं: आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, कमाल दीड लाख. सरकारी दवाखान्याची शिफारस बहुतेक वेळा लागते. ट्रान्सप्लान्टचं पॅकेज कोणत्या हॉस्पिटलला मिळतं ते आरोग्यमित्राकडून (योजनेचा हॉस्पिटलमधला माणूस) लेखी घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. गणपत_गल्ली, तुमच्या ८६५ गावांच्या योजनेवर कर्नाटकाने हरकत घेतली होती. तिच्या भरवशावर बेत करू नका. संपादक, एवढंच.

---

खानापूर_लोकल

दुसरी बाजू पण यावी म्हणून लिहितो. माझ्या आईला एएमएल (झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर) होता, वय ७४, गाव नंदगडच्या बाजूला. एएमएलमध्ये मायलोमासारखा वेळ नसतो, दिवसांत ठरवावं लागतं. डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. मोठी किमो, जी या वयात झेपणं अवघड. ॲझासायटिडिन आणि व्हेनेटोक्लॅक्स, म्हणजे सौम्य पण महिन्यामागून महिना दवाखाना. किंवा फक्त रक्त-प्लेटलेट आणि त्रास कमी करणारी औषधं.

आम्ही भावंडं मधल्या वाटेवर आलो होतो. आईने विचारलं, घरी किती दिवस, दवाखान्यात किती दिवस? डॉक्टरांनी खरं सांगितलं. तिने तिसरी वाट घेतली. माझा थोरला भाऊ तिच्याशी आठवडाभर बोलला नाही. मीही चिडलो होतो, पैसे आहेत आणि ही नको म्हणते! ती कुळवाडी बाई, पावसाळ्याआधी घर शाकारून झालं का, कोणतं वावर कोणाच्या नावावर, हे सगळं तिने शुद्धीत असताना बघितलं. शेवटी वेदना झाल्या तेव्हा मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या, त्यासाठी मात्र फार वणवण करावी लागली. बरोबर होतं की चूक, मला आजही सांगता येत नाही. पण ठरवलं तिने.

वकीलसाहेब, त्या आगाऊ लिहून ठेवायच्या कागदाचं पण सांगा.

---

वकील_टिळकवाडी

आगाऊ वैद्यकीय निर्देश. पुढे शुद्ध नसताना व्हेंटिलेटर वगैरे नको असेल तर ते आत्ताच लिहून ठेवणं. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं नावही त्यात घालता येतं. २०१८ च्या निकालात मान्य झालं, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आणि कर्नाटक सरकारने जानेवारी २०२५ मध्ये अंमलबजावणीचा आदेश काढला. मनात आलं तर बदलताही येतं. आप्पांना सध्या याची घाई नाही.

---

कडोलीचा_म्हातारा

वाचूलोय सगळं. कायदा कळला. नंदगडच्या बाईंना नमस्कार.

तरी एक म्हणतो. विचारायचं ते विचारा, पण विचारून बाजूला होऊ नका. "आप्पा, तुमचा निर्णय, तुम्ही बघा" असं म्हणून मुलं मोकळी होतात, तेही बघितलंय मी. आणि माझ्या मेहुण्याला कोणी सिस्टरसारखं हळू विचारलं नव्हतं, हे खरं. दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं होतं त्याला.

---

चिवट_निपाणीकर

काका, +१. लाख बोललात.

---

वडगावची_लेक

अपडेट देते. युनिटला फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं. इंजेक्शनचा डोस कमी करून आठवड्यातून एकदा केलंय. बोटांत फरक पडायला वेळ लागेल म्हणाले.

वेगळी वेळ मागितली, मिळाली. भाऊही पुण्याहून आला. यावेळी आप्पा डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत आणि आम्ही मागे. डॉक्टर बागलकोटकडचे, मराठी मोडकं बोलतात, आप्पांचं कन्नड त्याहून बरं, त्यामुळे दोघांचं कन्नडमध्येच जमलं. भावाला काही कळेना, मला गंमत वाटली. आप्पांनी तीन गोष्टी विचारल्या. ट्रान्सप्लान्टच्या औषधाने बोटं अजून बिघडतील का? (डॉक्टर म्हणाले, मेल्फॅलानने सहसा नसा जात नाहीत, उलट या इंजेक्शनपासून काही काळ सुट्टी मिळेल.) किती दिवस मागावर बसता येणार नाही? आणि नाही केलं तर आत्ता मरतोय का? डॉक्टर हसले, म्हणाले, "आत्ता नाही."

बाहेर आल्यावर भावाने मागाचा विषय काढला. आप्पा म्हणाले, माग माझा आहे, तो विकायचा की नाही ते मी बघेन. भावाचा चेहरा उतरला, पण रात्री दोघं बराच वेळ अंगणात बोलत होते. काय बोलले मला माहीत नाही.

त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. अजून दोन सायकल घेऊया, तोवर मुंबईला टाटामध्ये एकदा दाखवून येऊया, असं ठरलंय. डॉक्टरांनी राग मानला नाही, स्वतःच पत्र दिलं. आता परळला राहायची सोय कुठे बघावी?

---

खानापूर_लोकल

दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती. दोन्हीकडे गर्दी असते, आधी फोन करा, हॉस्पिटलचे कागद दाखवावे लागतात. टाटात पहिला दिवस नोंदणी आणि रांगेतच जातो, पाठीला उशी न्या.

---

हिमॅट_रेसिडेंट

नुसते रिपोर्ट नेऊ नका. बोन मॅरोच्या स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात जपलेला नमुना), पेट-सीटीची सीडी, पहिल्या दिवसापासूनचे इलेक्ट्रोफोरेसिस आणि लाइट चेनचे (मायलोमा मोजायची दुसरी रक्ततपासणी) आकडे तारखेप्रमाणे एका कागदावर. नाहीतर तिथे सगळं पुन्हा करतात.

---

वडगावची_लेक

स्लाइड्स मागायला काय लागतं? लॅबवाले म्हणाले मुलाला पाठवा.

---

वकील_टिळकवाडी

साधा अर्ज पुरतो. सही आप्पांची घ्या, नेणाऱ्याचं नाव आत लिहा, पोच मागा.

---

डे_केअर_सिस्टर

आणि हाडांचं झोलेड्रोनिकचं इंजेक्शन चालू असेल तर मुंबईला जायच्या आधी दात दाखवून घ्या. दाढ काढायची असली तर डेंटिस्टला हे इंजेक्शन चालू आहे असं आधी सांगायचं, जबड्याच्या हाडाला त्रास होऊ शकतो. आप्पांनाच सांगून ठेवा, दाढ त्यांची दुखणार आहे.